हत्यारांची पेटी : मातीच्या चिप्स आणि दुसऱ्याची सोनेरी अक्षरं

या वेळी सुतारकाम नाही. गेल्या अंकात मी जाता जाता एका ओळीत लिहून गेलो, की हिवाळ्यात गॅरेजात बसून पोकरच्या चिप्स, म्हणजे डावात पैशांऐवजी लावायच्या चकत्या, लेथवर कातत असतो. पंधरा दिवसांत सात पत्रं आली. लाकडाच्या पॉलिशवर वर्षभर लिहिलं तेव्हा दोन आली होती, आणि त्यातलं एक माझ्या मेहुण्याचं होतं. जुगाराचं नाव काढलं की मराठी माणूस आधी "छे छे" म्हणतो, मग खुर्ची पुढे ओढतो.

आधीच सांगतो, मी पोकर वाईट खेळतो. हातात काय पानं आलीत ते माझ्या तोंडावर वाचता येतं. माझा संबंध चिपच्या वजनाशी आणि कडेशी. औंधच्या आयटीआयमधून टर्नर झालो, भोसरीत टूलरूमला होतो आणि 1994 पासून न्यू जर्सीत प्लास्टिकचे साचे बनवणाऱ्या दुकानात. तिथे चिप म्हणजे लेथखाली, कातायच्या यंत्राखाली, पडणारा बुरा, संध्याकाळी झाडून टाकायचा. निवृत्तीनंतर शेजारच्या गुजराती मंडळींनी दिवाळीच्या तीन पत्तीला बोलावलं आणि दुसरी चिप हातात आली. पहिल्यांदा तिला जाडी मोजायचा व्हर्निअरच लावला.

प्रश्न : काका, लॅम्बर्टव्हिलच्या जुन्या बाजारात लाकडी डब्यासकट 400 चिप्स 80 डॉलरला मिळाल्या. विकणारा म्हणाला, खऱ्या मातीच्या आहेत. प्रत्येकीवर मधोमध कुणाची तरी सोनेरी आद्याक्षरं आहेत. ती काढून आमच्या आडनावाचा शिक्का लावायचा आहे. मातीच्या आहेत हे कसं ओळखायचं आणि अक्षरं कशी काढायची? ड्रिल प्रेस आहे, छोटा लेथ घ्यायची तयारी आहे. — ईस्ट ब्रन्सविकहून एक वाचक

उत्तर : आधी ओळख. दोन चिप्स एकमेकींवर टाका. प्लास्टिकची खट्‌ वाजते, मातीची दबका आवाज करते, कॅरमची लाकडी सोंगटी सोंगटीला घासून जावी तसा. मग वजन करा. मातीची साधारण 8.5 ते 10 ग्रॅम भरते. 11.5 ग्रॅम भरली आणि कडेवर फाशांची चित्रं असली, तर ते लोखंडी चकतीवर चढवलेलं प्लास्टिक आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. चुंबक लावून बघा, बहुतेक वेळा चिकटतो. शेवटी कडेचे रंगीत पट्टे बघा. खऱ्या चिपमध्ये तो रंग वरून लावलेला नसतो. कच्च्या चकतीच्या कडेचा तुकडा कापून त्या जागी दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवतात आणि मग गरम साच्यात दाबतात. त्यामुळे पट्टा वरून खालपर्यंत सलग जातो.

माती म्हणतात, पण ही कुंभाराची नव्हे आणि भट्टीतलीही नव्हे. खनिजांची भुकटी आणि तिला बांधून ठेवणारा पदार्थ, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेला. जुन्या चिप्समध्ये बांधायला लाख वापरत, आपली बांगड्यांची लाख. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच होत्या. पुढची कृती प्रत्येक कारखान्याचं गुपित. इकडचं सगळ्यात जाणतं नाव पॉलसन. पॉल एन्डी नावाच्या गृहस्थानं 1963 मध्ये लास व्हेगासला फासे-पत्त्यांची कंपनी सुरू केली, तिचं हे नाव. तुमच्या चिप्सच्या कडेनं उठावात टोपी आणि काठी दिसत असेल तर तो त्यांचा साचा. असेल, तर हे उत्तर वाचून संपेपर्यंत कशालाही हात लावू नका.

आता अक्षरं. ती छापलेली नाहीत, दाबलेली आहेत. तापवलेला धातूचा ठसा सोनेरी वर्खावर दाबतात. वर्ख चिकटतो आणि खाली खळगाही पडतो. म्हणजे सोनं घालवलं तरी अक्षर राहतंच, फक्त बिनसोन्याचं. मला हे माहीत नव्हतं. मी पहिल्या चिपवर कापसाच्या बोळ्यानं ॲसिटोन लावलं, घरातलं नखांचं रंग-पुसणं. सोनं दोन मिनिटांत निघालं. पण भोवती पांढुरकं तळं झालं आणि मध्ये "जे. बी. के." अक्षरं पहिल्यापेक्षा स्पष्ट दिसायला लागली. जे. बी. के. कोण होते देव जाणे.

मग मी त्याहून मोठा मूर्खपणा केला, तो तुम्ही करू नये म्हणून लिहितो. बेल्ट सँडरवर 240 नंबरचा पट्टा चढवून चिप्सची तोंडं, म्हणजे सपाट बाजू, घासली. वीस चिप्सचं काम अर्ध्या तासात. अक्षरं गेली, खळगे गेले, तोंड आरशासारखं सपाट. मोठ्या अभिमानानं वीसची चवड रचली आणि टेबलाला जरा धक्का लागला तर ती सगळी घसरली. मातीच्या चिपच्या तोंडावर साच्यातून आलेला कापडासारखा बारीक खरखरीत पोत असतो, बोटानं कळतो, डोळ्यांना नीट दिसत नाही. चवड उभी राहते ती त्या पोतामुळे. तो घासून टाकला की परत आणायला माझ्याकडे साचाही नाही आणि दोनशे टनांचा प्रेसही नाही. त्या वीस चिप्स एका बरणीत आहेत. बायकोनं बरणीवर "निवृत्ती" असं लेबल लावलंय.

म्हणून कडेच्या रिंगला हात लावायचा नाही, फक्त मधलं वर्तुळ उतरवायचं आणि त्या खोलगट जागेत नवं लेबल बसवायचं. कॅसिनोच्या चिप्समध्येही मधोमध छापलेली चकती असतेच. त्यांची साच्यात दाबतानाच आत जाते, आपली नंतर चिकटते, एवढाच फरक.

ड्रिल प्रेसवर हे होतं का? होतं, कसंबसं. सपाट तळाचा खड्डा पाडणारं 22 मिलिमीटरचं फॉर्स्टनर बिट लावतात. पण त्याच्या मधोमध टोक असतं आणि ते चिपच्या आरपार जातं. माझी एक गेली. तिला आता गॅरेजची किल्ली अडकवलेली आहे. ग्राइंडरवर ते टोक पूर्ण उतरवा, तरच. तरीही ड्रिल प्रेसचा खोलीचा स्टॉप दहा-पंधरा शतांश मिलिमीटर इकडेतिकडे करतो आणि या कामात तेवढं दिसतं.

लेथवर नीट होतं. माझा 7 बाय 14 इंची बेंच लेथ आहे, तेवढा पुरे. अडचण चिप धरायची. लेथच्या तीन जबड्यांच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, थेट धराल तर तीन ठिकाणी ठिसूळ कड उडेल. मी असं केलं : अडीच इंच व्यासाचा नायलॉनचा गोल चकमध्ये धरला, तोंडावर चिप जेमतेम सरकेल एवढा 39.2 मिलिमीटरचा खड्डा बोअर केला, दोन मिलिमीटर खोल. चिप साधारण सव्वातीन मिलिमीटर जाड असते, म्हणजे सव्वा मिलिमीटर बाहेर राहते. मग हॅकसॉनं बाजूला एक उभी चीर दिली. चक आवळला की चीर मिटते आणि नायलॉन चिपला चारी बाजूंनी सारखं धरतो. चीर पाडून झाल्यावर खड्डा पुन्हा एकदा हलक्या हातानं बोअर करा, आणि काम संपेपर्यंत तो गोल चकमधून काढू नका. काढून परत लावलात तर रनआउट, म्हणजे फिरताना मध्य सरकणं, आलाच, मग चारशे चिप्सवर लेबलं एका बाजूला सरकलेली दिसतील.

आता मुख्य गोष्ट. चारशे चिप्स एकाच जाडीच्या नसतात. वापरून वापरून काही झिजलेल्या असतात. खड्ड्याच्या तळापासून माप धरलंत तर जाड चिपमध्ये खोल खळगा पडेल आणि पातळ चिपला टूल नुसतं चाटून जाईल. म्हणून काम सुरू करायच्या आधी एक रविवार द्या. व्हर्निअर घ्या, क्रिकेट लावा, आणि चिप्सच्या पाच शतांश मिलिमीटरच्या फरकानं ढिगाऱ्या करा. माझ्या सात झाल्या. प्रत्येक ढिगारीसाठी लेथवरचा खोलीचा डायल नव्यानं शून्य करायचा.

खोली लेबलावर ठरते. प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेलं चांगलं लेबल सुमारे 0.2 मिलिमीटर असतं, म्हणून मी 0.25 उतरवतो. लेबल तोंडाच्या किंचित खाली राहिलं पाहिजे. वर आलं तर चिप टेबलावर भोवऱ्यासारखी फिरते आणि चवड डुगडुगते. ॲल्युमिनियमसाठी मिळतो तसा धारदार, चकचकीत कार्बाइड इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसणारा कठीण तुकडा) वापरा. एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) टूल या खनिज भुकटीपुढे तीस-चाळीस चिप्समध्ये बोथट होतं. वेग मिनिटाला 400 फेरे, मधून बाहेर यायचं आणि टूल आडवं सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या ठरलेल्या आकड्यावर थांबायचं. बाहेरून आत आलात तर पहिल्याच फटक्याला काठ उडतो. टूल तापू देऊ नका, माल मऊ होतो आणि काठाला मेणासारखी झालर येते.

हात बसला की एका बाजूला पाऊण मिनिट लागतं. 400 चिप्स म्हणजे 800 बाजू, दहा तास. हे ऐकून बरेच लोक जुन्या अक्षरांवरच मोठं लेबल चिकटवतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, पण त्यांच्याकडे खेळायला गेलो की हात शिवशिवतात.

आणि टोपी-काठी असली तर? माझ्या मते राहू द्या. पॉलसन आता घरगुती गिऱ्हाइकाला चिप्स विकत नाही. आहेत त्या आहेत. मी कातल्या असत्या का? दहा वर्षांपूर्वी नक्की कातल्या असत्या.

प्रश्न : गेल्या लेखात तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत, पण आमच्याकडे हे रोज चाललंय. यजमान तळघरात जुन्या चिप्स पॉलिश पेपरनं घासतात. करडी धूळ कपडे वाळवायच्या मशीनपर्यंत येते. नात आता रांगायला लागली आहे. धुळीनं काही होतं का? — शिकागोजवळून एक वाचक

उत्तर : ताई, होतं. हे उत्तर त्यांना वाचून दाखवा आणि आजपासून घासणं बंद.

बऱ्याच जुन्या चिप्समध्ये वजन यावं म्हणून शिसं घातलेलं असायचं. नुसतं हाताळायला, खेळायला फारशी भीती नाही, खेळून हात धुवावेत एवढंच. पण घासली की ते शिसं धुळीत येतं, धूळ फरशीवर, फरशीवरून हाताला, आणि रांगणाऱ्या पोराचा हात कुठे जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाची थोडी मात्रासुद्धा नुकसान करते. घरांच्या रंगातलं शिसं या देशानं 1978 मध्येच बंद केलं ते याचसाठी.

तळघर झाडू नका, झाडल्यानं धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसा, फडकी टाकून द्या, आणि व्हॅक्यूम लावायचा तर हेपा फिल्टरचाच. त्यांचे कामाचे कपडे वेगळे धुवा. नातीच्या डॉक्टरांना ही गोष्ट सांगा. रक्तातलं शिसं साध्या तपासणीत कळतं, इकडे लहान मुलांची ती करतातच.

वरच्या वाचकाला आणि सगळ्यांनाच : चिप जुनी असेल तर शिसं आहे असंच धरून चाला. लेथवरही मी टूलच्या अगदी तोंडाशी व्हॅक्यूमची नळी बांधतो, बारीक धूळ अडवणारा पी-100 चा मास्क घालतो, आणि त्या दिवशी गॅरेजात चहा नाही. पूर्वी मीही नुसता रुमाल बांधून बसायचो. भोसरीत शिशाचे गोळे उघड्या हातांनी ओतलेत, त्या वयात सगळ्यांनाच वाटतं की आपल्याला काही होत नाही.

प्रश्न : चिप्स मळल्या आहेत. डिशवॉशरमध्ये टाकू का? — डॅलसहून

उत्तर : नको! त्या उष्णतेनं पापडासारख्या वाकतील.

कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ टूथब्रश. एक एक घ्यायची, घासायची, धुवायची, टॉवेलवर मांडायची. भिजत घालू नका. लाल चिप्स वेगळ्या धुवा, काहींचा रंग सुटतो, नव्या लाल साडीसारखा. वाळल्यावर त्या खडूसारख्या फिक्या दिसतील, घाबरू नका. मिनरल ऑइलचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसा, रंग लगेच वर येतो. हे तेल फार्मसीत बद्धकोष्ठाच्या औषधांच्या फळीवर मिळतं. मी चार बाटल्या एकदम घेतल्या तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं फार सहानुभूतीनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्यानं जादाचं तेल टिपून घ्या. खोबरेल लावू नका. न्यू जर्सीच्या जानेवारीत ते गोठतं आणि एप्रिलपर्यंत वास यायला लागतो. हाही स्वानुभव.

प्रश्न : ऑनलाइन मागवलेल्या "क्ले कम्पोझिट" 11.5 ग्रॅमच्या 200 चिप्स आहेत. कातून मधलं लोखंड काढता येईल का? म्हणजे त्या खऱ्या मातीसारख्या हलक्या होतील. — पुण्याहून, कोथरूड

उत्तर : लोखंड काढलंत तर उरेल ती बांगडी. राहू द्या.

या चिप्सना मधोमध लेबलाची खोलगट जागा आयतीच असते. हेअर ड्रायरनं लेबल गरम करा, कोपऱ्यात नख घालून सोला, राहिलेला गोंद रॉकेलच्या बोळ्यानं पुसा, नवीन लेबल लावा. एक संध्याकाळ पुरते. लेबलं छापून आणायला अप्पा बळवंत चौकाच्या आसपास जा. व्यासाचा नमुना म्हणून चिप सोबत न्या, तोंडी मापावर विसंबू नका.

मूल्यांचे रंग ठरवायचे असतील तर अटलांटिक सिटीची पद्धत सोपी आहे : पांढरी 1, लाल 5, हिरवी 25, काळी 100, जांभळी 500. डॉलरच्या जागी शेंगदाणे धरा, तुमच्या दिवाळीला चालेल.

प्रश्न : मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीवरून उरलेली एक चिप खिशात घरी आली. मधलं लेबल काढून त्यावर गणपतीचं चित्र लावून कीचेन करायचा विचार आहे. — पणजीहून

उत्तर : बोट चालू आहे ना? मग ती चिप कॅसिनोची, तुमच्याकडे फक्त तिची किंमत आहे. परत जा, पैसे घ्या, त्या पैशांची कीचेन घ्या. चालू कॅसिनोच्या चिपवर हत्यार चालवायचं नाही, हा माझ्या गॅरेजचा नियम आहे, कुणी कितीही ओळखीचा असला तरी. लेबल बदललेल्या चिपला पोलिस काय म्हणतात हे शोधायची मला हौस नाही.

आमच्या अटलांटिक सिटीत जानेवारी 2014 मध्ये काय झालं ते ऐका. बोर्गाटा कॅसिनोत पोकरची स्पर्धा चालू होती. 27 खेळाडू उरले असताना नकली चिप्स सापडल्या आणि स्पर्धा थांबवली. नकली चिप्स आणणाऱ्यानं उरलेला माल हॅराज हॉटेलातल्या आपल्या खोलीच्या संडासात टाकून पाणी सोडलं. पाइप तुंबला, खालच्या मजल्यावर पाणी गळायला लागलं, प्लंबर आले आणि त्यांच्या हाताला चिप्स लागल्या. त्याला 5 वर्षांची शिक्षा झाली. माझ्यातल्या टूलरूमवाल्याला एवढंच वाटलं, की मालाची घनता बघायची होती. चिप तरंगत नाही आणि वाहूनही जात नाही.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या मातीच्या चिप्स वाकल्या आहेत, टेबलावर डुलतात. सरळ होतील? — टोरँटोहून

उत्तर : बऱ्याचशा होतील. नळाला येतं तेवढ्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, उकळत्या पाण्यात मुळीच नको. पुसा, आणि जाड काचेच्या दोन सपाट तुकड्यांत एका वेळी पाच-सहा मांडून क्लॅम्प लावा. हळूच आवळा. रात्रभर तसंच. घाईनं आवळलात तर कड तडकते, "टिक्‌" असा आवाज येतो, तो ऐकला की समजायचं, गेली.

तुम्ही पुढे विचारलंय, की त्यांच्यावर वडिलांची इंग्रजी आद्याक्षरं आहेत, ती झिजलीत, तर ती काढून नवीन लेबलं लावावीत का. पहिल्या प्रश्नातल्या पद्धतीनं काढता येतील, लेथ आणि मास्कसह. पण काका म्हणून विचाराल तर मी फक्त सरळ करीन आणि तेल लावीन. लॅम्बर्टव्हिलच्या बाजारात मला अशी कुणाकुणाची अक्षरं 80 डॉलरला दिसतात.